मारूशाबाईंनी खोली रंगवली आहे

नवीन पनवेल,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप गुणाबाय,

तुझ्या धाकट्या भावाचा, काशीरामचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. देवीच्या कृपेने इकडे मी ठीक आहे. तुझ्या गुडघ्याचं काय? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? तुझा प्रितम परवा बंदरावर भेटला होता. म्हणाला, यंदा करंज्याला ऊन चांगलं पडलं, बोंबील तीन दिवसांत कडकडीत वाळले, आणि आई बासष्टाव्या वर्षीही बांबूवरचे बोंबील स्वतःच उतरवते, कुणाला हात लावू देत नाही. ऐकून बरंही वाटलं आणि काळजीही वाटली. (विनिता, सासूला हे पत्र वाचून दाखवायचं काम तुझ्यावर आलं आहे, तेव्हा तुलाही आशीर्वाद. तिच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. आणि मी जिथे थांब म्हणून लिहीन तिथे थांब.)

पत्र कशाला, फोन नाही का, असं तू विचारशील. पण दोन वर्षांपूर्वी तू फोन तांदळाच्या पिठाच्या डब्यात टाकलास आणि त्यानंतर कानाला लावला नाहीस. त्याचं कारण तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि त्यावर मी पुढे येणारच आहे. आधी जरा सोपी गोष्ट सांगतो. बाय, मी एकोणपन्नासाव्या वर्षी शाळेत जायला लागलो आहे. दर शनिवारी कामावरून आलो की आंघोळ करतो, देवापुढे दिवा लावतो, पिशवीत वही घालतो आणि एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन बसतो. तिथे चारुता नावाची एक बाई स्पॅनिश भाषा शिकवते. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. शिकणारे सगळे कॉम्प्युटरवाले, गळ्यात पट्टे. पिकलेल्या केसांचा मी एकटाच. नाही, एकटा नाही. चारुताबाईंचे वडील अविनाशराव टपालखात्यातून निवृत्त झाले आहेत, ते मागच्या बाकावर पेपर घेऊन बसतात. शिकत नाहीत, पण शिकणाऱ्यांवर लक्ष ठेवतात.

कुठलीही भाषा शिकताना माणूस आधी ‘मी जेवतो, मी झोपतो’ एवढंच शिकतो. जून ते ऑगस्ट मी नुसता जेवलो आणि झोपलो. सप्टेंबरात चारुताबाईंनी फळ्यावर लिहिलं, की पुढे जे करावंच लागणार आहे ते रोजच्या बोलण्यात कसं सांगायचं. मी ताठ बसलो. याच्यासाठीच तर मी नाव घातलं होतं. तिकडची माणसं हे तीन तऱ्हांनी सांगतात. ‘बॉय आ तेनेर के’ म्हणजे काम अगदी दाराशी येऊन उभं आहे. गॅस संपला, आता जाऊन आणावा लागणार. बाजारात, घरात जास्त करून हेच चालतं. दुसरं ‘तेंद्रे के’. ते थोडं लांबचं, पण वजनदार, शब्द दिल्यासारखं. आणि तिसरं ‘आब्रा के’. म्हणजे करावं तर लागेल, पण कुणी ते सांगायचं नाही. हे तिसरं ऐकल्याबरोबर मला आपल्या आळीच्या बैठकी आठवल्या. नळ गळतो, दुरुस्त करावा लागेल. देवळाचा कळस काळा पडला, घासावा लागेल. सगळे माना हलवतात, चहा पितात आणि घरी जातात. मी चारुताबाईंना म्हटलं, हे मला शिकवू नका, हे आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

आणखी एक गंमत सांगतो. त्यांच्यात ‘ह’ लिहितात पण बोलत नाहीत. कॉम्प्युटरवाल्यांची जीभ वळेना, सारखी ‘हाब्रा हाब्रा’ करायची. मी पहिल्या झटक्यात बरोबर बोललो. चारुताबाई म्हणाल्या, “वा काका, हे कसं जमलं?” आता त्यांना काय सांगू? आपण करंज्याची माणसं जन्मापासून आमी आणि तुमी. शाळेत काणे गुरुजींनी या ‘ह’साठी माझ्या हातावर किती छड्या मारल्या ते तू पाहिलं आहेस. चाळीस वर्षांनी त्या छड्यांचं कुणीतरी उत्तर दिलं.

एका शनिवारी लिहायला सांगितलं, की येत्या आठवड्यात कराव्या लागणाऱ्या दहा गोष्टी लिहा. माझ्या शेजारच्या रुचिराने लिहिलं, जिमला जावं लागेल, साहेबांना भेटावं लागेल. मी लिहिलं, मंगळवारी देवीची ओटी भरावी लागेल. चारुताबाई बराच वेळ पेन तोंडाशी धरून बसल्या. ओटीला तिकडे शब्द नाही. मग मला आपल्या सवयीने वाटलं, की उद्याची गोष्ट देवाचं नाव घेतल्याशिवाय कशी बोलायची? म्हणून विचारलं, “देवाच्या मनात असेल तर, हे त्यांच्यात म्हणतात का?” म्हणतात. ‘सि दिओस किएरे.’ अगदी तेच. मला इतका आनंद झाला की दहाच्या दहा वाक्यांना मी ते जोडलं. अविनाशराव माझी वही चाळून म्हणाले, “काशीराम, दहाही कामं देवावर टाकलीत. मग तुम्हाला काय करावं लागणार?” वर्ग हसला. मीही हसलो. पण ते वाक्य घरी माझ्याबरोबर आलं, आणि मी दिवा लावताना ते माझ्या बाजूला बसून होतं.

त्यानंतर नाटक करायचं होतं. अविनाशराव प्लंबर झाले आणि मी त्यांना ‘तुम्हाला उद्या यावंच लागेल’ असं दटावायचं होतं. सत्तर वर्षांच्या माणसाला असं कसं दटावायचं? माझे हात आपोआप जोडले गेले. ते म्हणाले, “अहो, हात जोडू नका! प्लंबर आता दिवाळीपर्यंत येणार नाही.”

मी सराव बंदरातल्या माझ्या क्रेनच्या केबिनमध्ये करतो. वर एकटाच असतो, खाली खाडी, समोर कंटेनरचे डबे. एके दिवशी मी ‘तेंद्रे के, तेंद्रास के, तेंद्रा के’ असं घोकत होतो आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलेलं राहिलं. सगळ्या यार्डात ऐकू गेलं. खाली डबे लावणाऱ्या मिथुनचा आवाज आला, “काशीदा, कंच्या देवाचा मंत्र हाय? डबा आपोआप उतरल काय?” साहेबांनी, विश्वजीतरावांनी, कचेरीत बोलावलं. मला वाटलं, आता नोटीस. त्यांनी विचारलं, “कशासाठी शिकता?” मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “शिका. फक्त बटण सोडून शिका.”

(विनिता, थांब. तिला पाणी दे. आता जे नाव येणार आहे ते हळू वाच, पण गाळू नकोस.)

बाय, मी हे कोमलसाठी शिकतो.

पत्र फाडू नकोस. मला माहीत आहे, करंज्यातल्या दोनशे लग्नांत तू धवले गायलीस. नवऱ्यामुलीच्या हळदीला तुझा आवाज नसेल तर लोक हळद लागली असं मानत नाहीत. आणि तुझी सख्खी भाची, जिच्या आईला, माझ्या चंद्रावतीला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आई आजारी असायची म्हणून जिच्या वेण्या अकराव्या वर्षापासून तू घातल्यास, तिने परदेशात एका कचेरीत सही करून लग्न केलं आणि फोनवर तीन फोटो पाठवले. त्या दिवशी तू म्हणालीस, “माजी भाची, न् माज्याबिगर हळद? आता तिचा नाव माज्याम्होरं काढायचा नाय.” आम्ही नाही काढलं. तू चुकलीस असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. पण कोमलला सातवा महिना लागला आहे. बाळंतपण जानेवारीच्या शेवटी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचा रक्तदाब वाढला आहे आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली आहे. म्हणजे ती इकडे येऊ शकत नाही. आणि आली असती तरी घरात बाई कुठे आहे? मी शेगडी पेटवीन, अळिवाचे लाडू विकत आणीन, पण बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालणं माझ्याच्याने होणार नाही. मी डबे उचलतो ते यंत्राने.

आता तिच्या सासूबद्दल सांगतो. नाव मारूशा. विगो नावाच्या बंदरात राहतात, चौसष्ट वर्षांच्या, विधवा, आणि धंदा काय सांगू, धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करतात! तिकडे ते काम बायकांचं. जावई ब्राईस याला तुझ्या नजरेने पाहायचं तर हाडं मोठी आणि बोलणं कमी, म्हणजे चांगला. मारूशाबाई दर रविवारी संध्याकाळी मला फोनवर दिसतात. पहिल्या रविवारी दोघांनाही भाषा येत नव्हती, तेव्हा आम्ही पंधरा मिनिटं एकमेकांना मासे दाखवले. मी सुरमई दाखवली, त्यांनी काहीतरी आठ पायांचं दाखवलं. दोघांनी माना डोलावल्या. मला त्या देवभोळ्या वाटतात. मी ‘सि दिओस किएरे’ म्हटलं की त्या छातीवर क्रुसाची खूण करतात आणि मग हसतात.

घोटाळा दसऱ्याच्या रविवारी झाला. माझं ‘तेंद्रा के’ नुकतंच पक्कं झालं होतं आणि मला ते कुठेतरी वापरायचं होतं. पाहुण्याशी बोलताना आपल्याकडे कसं असतं? दारातून निघताना आपण म्हणतो, आता आमच्याकडे यावंच लागेल हं, आठ दिवस राहावं लागेल, जेवल्याशिवाय सोडणार नाही. समोरचा म्हणतो, येऊ येऊ. कुणीही येत नाही आणि कुणालाही राग येत नाही. मी त्याच प्रेमाने म्हटलं, तुम्हाला करंज्याला यावं लागेल, आमच्याकडे राहावं लागेल, सुके बोंबील खावे लागतील. मारूशाबाई ‘येऊ येऊ’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि विचारलं, किती तारखेला? मला घाम फुटला. मी म्हटलं, घाई नाही. त्यांनी विचारलं, मग लागेल म्हणालात ते? (त्यांच्यात लागेल म्हटलं की लागतंच. हे चारुताबाईंनी मला नंतर सांगितलं. आग्रह हा प्रकार पुस्तकात नव्हता.) विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्यात बाळंतिणीकडे कोण बघतं? मी म्हटलं, आई. आई नसेल तर? आत्या. आणि मग आग्रहाची जी गाडी उताराला लागली होती ती थांबेना. मी म्हणून गेलो, माझ्या बहिणीला तिकडे यावं लागेल.

त्यांनी मागे वळून रिकाम्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘आब्रा के पिंतार.’ मग रंगवावं लागेल. मला वाटलं, हे आपलं बैठकीतलं लागेल. मी निश्चिंत झालो.

पुढच्या रविवारी खोली रंगवून झाली होती. फिकट निळी, आपल्या जुन्या होडीसारखी. त्यांनी फोन फिरवून चारही भिंती दाखवल्या. त्यानंतरच्या रविवारी पलंगाचे पाय कापून तो खाली आणला होता, कारण मी सांगितलं होतं की माझ्या बहिणीचा गुडघा दुखतो. जाळीवाल्या बायकांनी मिळून एक लोकरी शाल विणली आहे. उंची विचारली. मी म्हटलं, माझ्या खांद्याएवढी. त्यांनी माझा खांदा केवढा ते विचारलं, म्हणून मी दाराला टेकून उभा राहिलो आणि खालच्या मजल्यावरच्या नीतावहिनींनी येऊन टेपने मापलं. शेगडीचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी छताकडे बोट केलं. तिथे एक यंत्र आहे, धूर झाला की ओरडतं आणि बंबवाले येतात. मारूशाबाईंनी बंबवाल्यांच्या साहेबांना जाऊन सांगितलं आहे, की भारतातून एक बाई येणार आहे, ती धूर करील, तुम्ही येऊ नका.

आता तू सांग, अशा बाईला मी कोणत्या तोंडाने म्हणू, की आमच्याकडे ते नुसतं म्हणायचं असतं? चार रविवार मी सांगायचं ठरवून बसतो, आणि प्रत्येक वेळी त्या काहीतरी नवीन दाखवतात. गेल्या वेळी उशी होती.

बाय, क्रेनवर बसून मी विचार करतो. आपल्याकडे काम ‘लागतं’, जसा दगड लागतो, ठेच लागते. बाहेरून येऊन आदळतं. त्यांच्या बोलण्यात ते माणसाजवळ ‘असतं’, जशी चावी असते, पिशवी असते. आपण हातात धरून चाललो आहोत असं. चूक-बरोबर मला कळत नाही, मी दहावी शिकलेला माणूस. पण मला त्यांचं ऐकून जरा हलकं वाटतं. देवावर सोडायचं ते सोडूच. पण शाल विणायला देव बसला नव्हता, त्या जाळीवाल्या बसल्या होत्या.

तर असं झालं आहे. तुझ्या मनात काय येतं ते कळव. जबरदस्ती नाही. तू नाही म्हणालीस तर मी मारूशाबाईंना सांगेन, की करंज्यात खूप काम निघालं. विनिताला, प्रितमला आशीर्वाद. गुडघ्याला तेल चोळ.

तुझाच,
काशीराम

ता. क. जबरदस्ती नाही असं वर लिहिलं आहे, पण पासपोर्टसाठी तुझ्या नावाने येत्या गुरुवारी साडेदहाची वेळ घेऊन ठेवली आहे. आधारकार्ड देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे. फोटो तिथेच काढतात. चौकशीला पोलीस घरी येईल, त्याला चहा द्यावा. सुके बोंबील देऊ नयेत, लाच वाटेल.

ता. क. दुसरा. कार्तिकात खोटं लिहिणं बरं नव्हे. घोटाळा वगैरे काही झाला नव्हता. करंजा, बोंबील, आठ दिवस हे आग्रहाचं होतं, ते खरं. पण तुझं नाव मी घेतलं तेव्हा मी चांगला शुद्धीवर होतो. ‘यावं लागेल’ म्हणालो ते तिकडच्या अर्थानेच म्हणालो. मारूशाबाईंना बरोबर समजलं. मला हे तुला सरळ विचारायचं धैर्य नव्हतं, म्हणून आधी परक्या बाईला सांगून मोकळा झालो.

ता. क. तिसरा. मागच्या शुक्रवारी कोमलचं पोट दुखलं आणि तिला दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. आता घरी आहे, बाळ ठीक आहे. तिथून तिने फोन केला. मी म्हटलं, रजा टाकतो, मी येतो. एवढी भाषा शिकलो ती त्यासाठीच. ती म्हणाली, “बाबा, तुमी नका येऊ. तुमी नुसते हात जोडून कोपऱ्यात बसाल न् मनाच तुमची काळजी करावी लागल. आत्याला पाठवा. ती माज्यावर ओरडली ना, का मना जोर येल.” मग बराच वेळ ती रडली, आणि शेवटी म्हणाली की हळदीचं तिचं चुकलं, पण हे तुला मी सांगायचं नाही, ती स्वतः सांगणार आहे.

म्हणून तिकीट तुझं एकटीचं काढायचं आहे. मुंबईच्या विमानतळावर मी सोडीन, तिकडे उतरल्यावर ब्राईस उभा असेल. गुरुवारी आठ वाजता मी रिक्षा घेऊन दारात येतो. नाही म्हणायचं असेल तर मला म्हणू नकोस, मी ऐकून घेईन आणि परत येईन. कोमललाच सांग. तिचा नंबर विनिताकडे आहे. दोन वर्षांपासून आहे, दोघी दर बुधवारी बोलतात. (वाच, विनिता. हेही मोठ्याने वाच.)